दमानींची रोख, भोरची उधारी

भोरमध्ये डीमार्ट नाही. वेल्ह्यात तर नाहीच. तरीही महिन्याचा पगार झाला की पहिल्या रविवारी कापूरहोळ आणि चेलाडी फाट्यावरून पुण्याकडे निघणाऱ्या कितीतरी गाड्यांचं ठिकाण ठरलेलं असतं. संध्याकाळी त्याच गाड्या परततात तेव्हा तेलाचा डबा पायाशी असतो, मागच्या सीटवर साखर, डाळी, साबणाच्या वड्या, एखादी बादली, धाकट्याचा टी-शर्ट. घरी गेल्यावर लांबलचक बिल पुन्हा एकदा वाचलं जातं. छापील किमतीपेक्षा किती वाचले तो आकडा बिलाच्या तळाशी असतो आणि पुढचे चार दिवस तो शेजारीपाजारी सांगितला जातो. कुठलाही पुढारी किंवा नट नसलेला एक माणूस असा महिन्यातून एकदा मावळपट्ट्यातल्या घरांत येऊन जातो. त्याचं नाव राधाकिशन दमानी, डीमार्टचा मालक. त्याचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी नीट पाहिलेला नाही.

दमानींवर जे काही लिहिलं जातं त्यात दोन गोष्टी हमखास असतात: त्यांचा पांढरा शर्ट-पांढरी पँट आणि त्यांचं मौन. मुलाखती ते देत नाहीत, सभासमारंभांत दिसत नाहीत. पण साधे कपडे घालणारे श्रीमंत आपल्या देशात पुष्कळ आहेत. किराणा विकून एवढी मोठी कंपनी उभी राहिली ती कशाच्या बळावर, आणि भोर-वेल्ह्याच्या माणसाला त्यातून काय मिळालं, काय मिळालं नाही, हा विषय मला जास्त मोलाचा वाटतो.

दमानी मूळचे बिकानेरकडच्या मारवाडी घराण्यातले, वाढले मुंबईत, एका खोलीच्या घरात. वडील शिवकिशन दलाल स्ट्रीटवर कामाला होते. कॉमर्सला प्रवेश घेतला, पण पहिल्या वर्षानंतर कॉलेज सुटलं. बॉल बेअरिंगचा व्यापार सुरू केला. वडील गेल्यावर तो बंद करून भावाबरोबर शेअर दलालीत उतरले. शेअरबाजारातलं त्यांचं आयुष्य हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९९२ला हर्षद मेहता भाव चढवत होता तेव्हा दमानी समोरच्या, मंदीवाल्यांच्या गोटात होते. 'स्कॅम १९९२' ही मालिका आल्यावर नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं ते यामुळे. पुढे चंद्रकांत संपत या जुन्या जाणत्या गुंतवणूकदाराच्या विचाराने त्यांचा कल बदलला. चांगला धंदा करणारी कंपनी निवडायची, शेअर घ्यायचे आणि वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. १९९५ मध्ये एचडीएफसी बँक बाजारात आली तेव्हा तिचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक तेच होते असं सांगितलं जातं. गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला त्यांना गुरू मानत.

असा माणूस चाळिशी ओलांडल्यावर दुकानदारीकडे वळला, आणि इथं गोष्ट आपल्या अंगणात येते. दमानींनी दुकानदारीचा पहिला धडा गिरवला तो 'अपना बाजार'मध्ये. १९९९ मध्ये त्यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेतली होती.

अपना बाजार म्हणजे मराठी कामगारांचं लेकरू. १९४८ मध्ये, स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, रेशनिंगचे आणि काळ्याबाजाराचे दिवस होते, तेव्हा मुंबईत नायगावला कामगारांनी एकत्र येऊन ग्राहक सोसायटी काढली. वजनात मारू नये, भेसळ करू नये, भाव वाजवी असावा एवढीच मागणी. गिरणगावात तेव्हा घाटावरची माणसं दाटीवाटीनं राहत होती आणि त्यात आपल्या डोंगरपट्ट्यातलीही होती. खानावळीत जेवायचं, पगारातून गावाला मनिऑर्डर करायची, पावसाळ्यात भातलावणीला रजा काढून यायचं. त्या माणसाच्या खिशाला परवडेल असं दुकान त्याच्याच मालकीचं असावं, ही कल्पना किती मोठी होती! पुढे त्या सोसायटीची भांडारं झाली, नाव मुंबईभर झालं, मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या तिथं वाढल्या.

त्या दुकानाची पद्धत दमानींना पटली नाही आणि ते बाहेर पडले. तपशील त्यांनी कधी जाहीरपणे सांगितलेला नाही. पण पुढे त्यांनी जे केलं त्यावरून काय घेतलं आणि काय टाकलं ते दिसतं. उद्दिष्ट जवळपास तेच: मध्यमवर्गाच्या रोजच्या गरजेच्या वस्तू, रोज कमी भावात. ठेवला नाही तो सभासद, त्याची निवडणूक आणि संचालक मंडळावरचं राजकारण. मालकी एका घराकडे आणि निर्णय एका टेबलावर. सहकारावर माझा जीव आहे, त्यामुळे हे लिहिताना बरं वाटत नाही. पण नायगावच्या कामगारांनी पाहिलेलं स्वप्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर एका शेअर दलालानं खरं करून दाखवलं, हे मान्य करावंच लागेल.

२००० मध्ये कंपनी निघाली, अव्हेन्यू सुपरमार्ट्स. २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान. त्यानंतरचा वेग पाहा. आठ वर्षांनी, २०१० मध्ये, दुकानं होती अवघी २५. त्याच काळात मॉल उभे राहत होते, दुसऱ्या साखळ्या कर्ज काढून शहराशहरांत शेकड्यांनी दुकानं उघडत होत्या आणि त्यातल्या कित्येक पुढे बुडाल्या. दमानी तोवर दरवर्षी दोनचार दुकानं वाढवत राहिले. आधी मुंबई परिसर, मग महाराष्ट्र-गुजरात, एका दुकानाच्या जवळपास दुसरं, म्हणजे गोदामातून माल पोचवायचा खर्च कमी. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअरबाजारात आली तेव्हा दुकानं होती १३१. २९९ रुपयांना विकलेला शेअर २१ मार्चला ६०० रुपयांच्या वर उघडला. मार्च २०२५ अखेर दुकानं झाली ४१५ आणि त्या वर्षाची उलाढाल सुमारे ५७,७९० कोटी रुपये. निव्वळ नफा २,९२७ कोटी. भागाकार करून पाहिला तर शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे भोरच्या वाण्याकडे लागणार आहे.

माल स्वस्त कसा देता येतो? याचं उत्तर लोक 'घाऊक खरेदी' एवढंच देतात. ते अर्धंच आहे. घाऊक तर सगळेच घेतात. दमानींनी दोन गोष्टी इतरांच्या उलट केल्या.

पहिली जागेची. डीमार्टची बहुतेक दुकानं कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, नाहीतर फार लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. मोक्याच्या मॉलमध्ये भाडं भरून बसायचं नाही. उपनगरात, लोकवस्तीच्या कडेला जागा विकत घ्यायची, साधी इमारत बांधायची. पैसा अडकतो, वाढ हळू होते, पण दरमहा भाड्याचा बोजा नाही आणि जागामालक उठवेल ही भीती नाही. अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या सॅम वॉल्टनची गोष्ट इथं आठवते. तोही आधी दुसऱ्याची फ्रँचायझी चालवत होता, आर्कान्सातल्या न्यूपोर्ट गावात. दुकान छान चाललं, आणि १९५० मध्ये जागामालकानं भाडेकरार वाढवायला नकार दिला. पाच वर्षांची मेहनत सोडून वॉल्टनला बेंटनव्हिलला नव्यानं मांडावं लागलं. पहिलं वॉलमार्ट उघडायला त्यानंतर १९६२ उजाडलं. जागेचा धडा वॉल्टन ठेच लागून शिकला. दमानींनी पहिल्यापासूनच जागा आपली करून घेतली.

दुसरी गोष्ट रोखीची, आणि मला तीच या माणसाची खरी कमाई वाटते. मोठ्या दुकानसाखळ्या पुरवठादाराचे पैसे महिना-दोन महिने दाबून ठेवतात. माल विकून पैसे हातात येतात तरी पुरवठादाराला द्यायचे नाहीत, तेवढे दिवस त्याच्याच पैशावर धंदा करायचा, ही जगभरची रीत. डीमार्टनं ती मोडली. माल आला की आठवडा-दहा दिवसांत पैसे. ज्यानं कधी कुणाला माल पुरवला आहे आणि मग बिलासाठी खेटे घातले आहेत, त्याला याची किंमत सांगायला नको. वेळेवर पैसे देणाऱ्याला पुरवठादार भाव कमी लावतो, टंचाईच्या दिवसांत माल आधी त्याच्याकडे पाठवतो. भावातली ती सवलत दमानींनी गिऱ्हाइकाकडे सरकवली. थोडक्यात, डीमार्टच्या फळीवरची स्वस्ताई रोखीतून आलेली आहे. रोख देऊन घेतलं आणि रोखीनंच विकलं.

आता भोरच्या जुन्या बाजारपेठेत यावं. वाण्याचं दुकान, काउंटरच्या आत मालक, त्याच्या मागे फळ्यांवर पुडे, पुढे डाळी-कडधान्याची पोती, तोंडं गुंडाळून उघडी ठेवलेली. तराजू आता इलेक्ट्रॉनिक झाला, भिंतीवर क्यूआर कोड आला. पण गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची लांबट वही अजून आहे. दुपारच्या वेळी नुसतं उभं राहिलं तरी कळतं: चारांतली एकदोन गिऱ्हाइकं पैसे काढत नाहीत. पाव किलो तेल, अर्धा किलो साखर, चहापत्तीचा पुडा, आणि "मांडून ठेवा." मालक मान वर न करता पान उलटतो. कुणाचं पान कुठं आहे ते त्याला पाठ असतं. तारीख, रक्कम, विषय संपला. हे पैसे कधी येणार? भात निघाल्यावर.

हा सगळा पट्टा भाताचा. वेल्ह्याकडे, विंझर-मार्गासनीच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो आणि इंद्रायणी, आंबेमोहराची खाचरं भरतात. डोंगरउतारावर नाचणी, वरई. बरंचसं शेत पावसावर, पीक एकच. पाणी आहे, पण ते धरणांत आहे: भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. धरणं इथं, ओलीत खाली. जून ते ऑक्टोबर घरात खर्च आणि पैसा येणार दिवाळीच्या आगेमागे. तोवर घर चालतं ते वाण्याच्या वहीवर.

एक हिशेब मांडून बघू. समजा एका घरानं जून ते नोव्हेंबर दर महिन्याच्या सुरुवातीला दोन हजारांचा माल उधारीवर नेला आणि नोव्हेंबरअखेर एकरकमी बारा हजार चुकते केले. जूनचे दोन हजार सहा महिने अडकले, जुलैचे पाच, असं करत नोव्हेंबरचे एक महिना. वाण्यानं स्वतः हा पैसा दरमहा दीड टक्क्यानं उचललेला असेल तर व्याजाचा बोजा होतो ६३० रुपये. बारा हजारांवर सव्वापाच टक्के. म्हणजे डीमार्ट शंभरामागे जेवढा नफा कमावते तेवढा वाण्याचा नुसता उधारीत जातो, आणि यात बुडीत धरलेलं नाही. तो छापील किमतीवर एक रुपया सोडत नाही म्हणून आपण त्याला महागडा म्हणतो. पण त्यानं मालाबरोबर सहा महिन्यांचं कर्जही विकलेलं असतं. कागद नाही, जामीनदार नाही. पोराच्या आजारपणात वर शंभर रुपये हातउसने दिले ते वेगळेच. दिवाळी पाडव्याला वहीपूजन होतं तेव्हा जुन्या वहीतली कितीतरी पानं न फिटताच नव्या वहीत उतरतात.

हे सगळं लक्षात घेतलं की स्वस्त दुकान कुणासाठी स्वस्त असतं ते उलगडतं. शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्याला दरमहा पगार आहे, चारचाकी नाहीतर दुचाकी तरी आहे. तो महिन्याचा बाजार एकदम भरतो आणि खरोखर पैसे वाचवतो. पाव किलो तेल नेणाऱ्या बाईला तो भाव मिळत नाही. तिच्याकडे एका वेळी तीन-चार हजार रुपये नसतात. २०११च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या साडेचोपन्न हजारांच्या आसपास होती, पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी. आता या तालुक्याचं नाव राजगड झालं आहे, पण बोलताना लोक वेल्हंच म्हणतात. एवढ्या विखुरलेल्या वस्तीसाठी तीस-चाळीस हजार चौरस फुटांचं दुकान कुणी काढणार नाही. भोर शहर तरी किती, वीस हजारांच्या आतबाहेर. वॉल्टननं अमेरिकेत नेमकी लहान गावं निवडली होती, कारण मोठ्या साखळ्या तिकडे फिरकत नव्हत्या आणि तिथल्या घरोघरी मोटार होती. दमानींनी वॉल्टनकडून पुष्कळ घेतलं. ही एक गोष्ट घेतली नाही, आणि आपल्याकडच्या खिशांचा विचार केला तर घेण्यासारखी नव्हतीही.

गेल्या दोनतीन वर्षांत मात्र इथल्या बायकांच्या हातात थोडी रोख आली आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना लागू झाली आणि दरमहा दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले. या योजनांचं राजकारण काय व्हायचं ते होवो, परिणाम बाजारात दिसतो. हातात दीड हजार असलेली बाई "मांडून ठेवा" म्हणायच्या आधी थांबते. भाव विचारते. चौघी मिळून गाडी ठरवतात, भाडं वाटून घेतात आणि पुण्याला डीमार्टला जाऊन येतात.

त्या रविवारची गर्दी बघण्यासारखी असते. दारातच हातातल्या पिशव्यांची तोंडं प्लास्टिकच्या पट्टीनं बंद केली जातात. आत ट्रॉल्यांची कोंडी. एकजण भाव वाचून दाखवते, दुसरी मोबाइलवर बेरीज करत राहते, कारण आणलेले पैसे ठरलेले असतात आणि काउंटरवर जाऊन वस्तू परत काढून ठेवायची लाज वाटते. साखर, तूरडाळ, शेंगदाणे आधी. मग साबण-पावडर. शेवटी, पैसे उरले तर, स्टीलचा डबा नाहीतर मुलीसाठी कुर्ता. या शेवटच्या खान्यावर डीमार्टचा डोळा असतो. किराण्यात नफा अगदी पातळ, कपडे आणि घरगुती वस्तूंत तो बरा. विक्रीत त्यांचा वाटा साधारण पाचवा-चौथा हिस्सा असतो आणि दुकानाचं गणित सावरतं ते त्यांच्यावर. बाहेर पडताना पहारेकरी बिलावर शिक्का मारतो. दारात वडापाव, आइस्क्रीम. मुलांसाठी ही जत्राच.

याच गरजेवर एक मराठी तोड पूर्वी निघालेली होती, आणि ती विसरली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आगाऊ द्यायची, पैसे आगाऊ भरायचे, माल एकत्र घ्यायचा आणि एखाद्या घराच्या ओट्यावर आपणच वाटून घ्यायचा. दुकान नाही, भाडं नाही, नोकर नाहीत. भाडं टाळणं आणि रोख देणं, दमानींनी कोट्यवधी ओतून जे केलं ते मुंबईतल्या गृहिणी ओट्यावर करत होत्या. वेल्ह्याच्या खोऱ्यात आज गावोगाव बचत गट आहेत. हप्ता गोळा करायची शिस्त त्या बायकांना आहे. चौघींची गाडी चाळीसजणींची होऊ शकते आणि माणसांऐवजी नुसता माल येऊ शकतो.

दमानी आता सत्तरीच्या घरात आहेत. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, त्यांच्या गुंतवणूक कंपनीनं १५५ कोटी रुपये मदत म्हणून दिले, त्यातले १० कोटी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला. २०२१ मध्ये त्यांनी आणि भाऊ गोपीकिशन यांनी मलबार हिलला १,००१ कोटींचा बंगला घेतला, तेव्हा साधेपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांची पंचाईत झाली. मला त्यात गैर काही दिसत नाही. त्यांचं मोठेपण कपड्यांत नव्हतंच. हाताखालचा माणूस निवडणं आणि त्याला काम करू देणं, हे मात्र त्यांच्याकडून शिकावं. हिंदुस्तान लिव्हरमधून २००४ मध्ये आणलेल्या नेव्हिल नोरोन्हांनी जवळजवळ दोन दशकं कारभार पाहिला. ते जानेवारी २०२६ मध्ये पायउतार होणार आणि युनिलिव्हरमधून आलेले अंशुल असावा सूत्रं घेणार, हे कंपनीनं वर्षभर आधी जाहीर केलं.

नव्या माणसापुढचा पेच शहरातला आहे. दहा मिनिटांत किराणा घरी पोचवणाऱ्या कंपन्यांमुळे महानगरांतल्या दुकानांवर परिणाम होतोय, असं खुद्द नोरोन्हांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आणि शेअर एका दिवसात जोरात आपटला. कोथरूडला राहणारा भोरचा मुलगा आज मोबाइलवर दूध-अंडी मागवतो, डीमार्टच्या रांगेत उभं राहायला त्याला वेळ नाही. त्याची आई मात्र पुण्याला आली की त्याला घेऊन तिथंच जाते. दहा मिनिटांवाले वेल्ह्याला पोचणार नाहीत. उद्याही तिथल्या माणसाला दोनच वाटा असतील, गावातली वही नाहीतर पुण्यातली ट्रॉली.

आणि ट्रॉलीच्या रांगेत आता वहीवालाही दिसतो. भाताचे पैसे येईपर्यंत उधारी द्यायची तर आपला माल तरी स्वस्तात यायला हवा. सणासुदीला एखाद्या साबणावर, तेलावर डीमार्टचा भाव घाऊक व्यापाऱ्यापेक्षा उतरतो, तेव्हा आसपासच्या गावांतले लहान दुकानदार टेम्पो काढून तिथं येतात. अशा मालावर एका गिऱ्हाइकाला किती नग मिळतील त्याची मर्यादा लावलेली असते. म्हणून दुकानदार बायको, भाऊ आणि पुतण्याला बरोबर आणतो, चार रांगांत चार ट्रॉल्या लावतो, चारही बिलं रोखीनं भरतो. संध्याकाळी तो माल गावच्या फळीवर लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून वहीत मांडला जाऊ लागतो.